आयांचा बाक

भिंगारच्या छावणीतल्या बागेत आमच्यासारख्यांना शिरायचं तर सोबत गोरं मूल लागे. मूल असलं की ते सांभाळणाऱ्या आयेला फाटक उघडं, बाकावर बसायची मुभा, बँडही ऐकायला मिळे. मूल नसलं की चालू लागा. असला नियम करणाऱ्याचं डोकं कुठल्या मातीचं असेल, ते मला अजून कळलेलं नाही.

माझी आई हन्ना हिनं उभी हयात साहेबांची मुलं वाढवली. चिंचेखालचा बाक आयांचा म्हणून ठरलेला. तिथं बसून ती त्या मुलांना जुनी तोफ दाखवायची, तोफेपलीकडचं चर्च, कवायतीचं मैदान, लांबवरचा किल्ला, आणि प्रत्येकाची एकेक गोष्ट सांगायची. त्या गोष्टी साहेबांच्या पोरांना पाठ होत्या. मला एकही येत नव्हती, कारण मी घरी आजीजवळ असायची. याचा मला राग होता. मिशनच्या शाळेत मास्तरीण झाले तरी तो गेला नाही.

लढाई संपली. किल्ल्यात डांबलेले पुढारी सुटूनही वर्ष झालं. आईचे साहेबही बिऱ्हाड गुंडाळून विलायतेला गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सवयीनं आयेचं पांढरं पातळ नेसून बागेकडे गेली आणि फाटकावरच्या सहादेवनं तिला अडवलं. रोज तिच्याकडून पान मागून खाणारा हा माणूस. साहेबाचं बाळ कुठंय, म्हणाला. ती आल्या पावली परतली. बाक आपलाच आहे असं ती बिचारी धरून चालली होती. त्या दिवसापासून तिनं घराबाहेर पाऊल टाकलं नाही. रविवारी उपासनेलाही जाईना. चुलीपुढं बसून नुसती राख उकरायची.

माझा नवरा याकोब म्हणाला, सोसावं, साहेब आज ना उद्या जाणारच आहेत. मी म्हटलं, तोवर आई टिकायला नको का?

शेवटी सहादेवच घरी आला. मनातून वरमला होता. त्यानं तोड काढली होती. हन्नाबाईंनी पांढरं पातळ नेसावं, तिच्या नातवाला, माझ्या कृपादानला, कडेवर घ्यावं, त्याचं तोंड टोपड्यात झाकावं, कुणी विचारलं तर साहेबाचं मूल म्हणावं. आपण काही बघितलंच नाही, असं तो दाखवणार. आई राख उकरत राहिली. मला मात्र तोड पटली. कशी का होईना, आत तर जाईल.

दुसऱ्या दिवशी आई निघाली ती नाताळचं हिरवं लुगडं नेसून. माझा कृपादान तिच्या कडेवर, डोकं उघडं, सावळं तोंड उन्हात. मी पांढऱ्या पातळाची आठवण करून दिली, पण तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी मागून निघाले.

तिला पाहून सहादेवची पाचावर धारण बसली. आत बाकांवर मडमा होत्या आणि बँडवाले वाद्यं जुळवत होते.

"आक्का, आया म्हनून आले, येवढं तरी म्हना," तो हळूच म्हणाला. "माजी नोकरी जाईल."

"मी आया न्हाई. ह्येची आजी हाय."

त्याचा आडवा हात तिनं बाजूला केला आणि ती आत गेली. मीही गेले.

चिंचेखालच्या बाकाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. थेट बँडसमोरच्या बाकावर, एका मडमेशेजारी जाऊन टेकली आणि नातवाला मांडीवर घेतलं. मी पाठीमागं उभी राहिले. भीती वाटत होती, पण आईचा असा अभिमान मला जन्मात वाटला नव्हता. मडमेनं हिंदुस्थानीत विचारलं, कुणाचं मूल. आमचं, आई म्हणाली. मडमेनं सहादेवला हाक मारली आणि हिला उठव म्हणून सांगितलं.

तो खाली मान घालून आला. "आक्का, उटा म्हनायला सांगितलंय."

"सांगितलंस न्हवं? मंग झालं तुजं काम. जा."

तो गेला. बँड सुरू झाला. मडम बराच वेळ वाट बघत राहिली. मग तीच उठली.