थेल्माची वेणी

मेव्हिसने घडीची खुर्ची फटकन उघडली, तिचे पाय काठावरच्या ओल्या मातीत दाबून घट्ट केले आणि थेल्माच्या कोपराला धरून तिला खुर्चीत बसवलं. स्वतःची खुर्ची तिने चार हात पलीकडे मांडली. मधल्या जागेत थर्मास, सँडविचचा डबा आणि क्लाइव्हचा रेनकोट असं सगळं रचून ठेवलं.

“एवढी लांब का बसलीस गं?” थेल्माने विचारलं.

“मला पाय पसरायला लागतात. गुडघा धरतो.”

गुडघा ठणठणीत होता. त्याच गुडघ्याच्या जोरावर ती आठवड्यातून दोनदा बटाट्यांची पिशवी घेऊन वेस्टगेटवरून घरापर्यंत चालत यायची. पण मधे सामान असलं की टॅम्सिन मधे बसणार नाही, आणि बसली नाही तर विचारणारही नाही, असा तिचा बेत होता.

टॅम्सिन म्हणजे मेव्हिसच्या मुलाची, क्लाइव्हची धाकटी. वय दहा, जीभ आजीवर गेलेली. गुरुवारी मेव्हिसची धाकटी बहीण थेल्मा ऑस्ट्रेलियाहून आली, पंचावन्न वर्षांनी, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने चाकांची बॅग ओढत. तेव्हापासून ही पोर तिच्याभोवती माशीसारखी घोंघावत होती. तिने तोंड उघडलं की मेव्हिस त्यात केक कोंबायची. तीन दिवस केकवर निभावले. आज मात्र रविवार, मार्चमधली मोठी भरती, वर्तमानपत्रातल्या तक्त्यात आजच्या लाटेपुढे चार तारे, आणि सगळं कुटुंब नेमकं स्टोनबेंचला नदीच्या काठावर. सकाळी मेव्हिसने प्रयत्न करून पाहिला होता. वारा उलटा आहे म्हणाली, लाट घोट्याएवढीसुद्धा येणार नाही म्हणाली.

“आई, तू जन्मात एकही लाट चुकवलेली नाहीस,” क्लाइव्ह म्हणाला आणि त्याने खुर्च्या गाडीत टाकल्या.

त्या घरात एक गोष्ट होती, आणि ती सगळ्यांना पाठ होती. लाट गेली म्हणजे झालं असं नसतं, अशी मेव्हिसची सुरुवात. समुद्राची भरती सेव्हर्न नदीत उलटी शिरते, भिंतीसारखी समोरून निघून जाते, परक्यांना वाटतं खेळ संपला. खरं पाणी तिच्या मागून येतं आणि तासभर आवाज न करता चढत राहतं. नदीकाठच्या ग्लॉस्टरच्या पोरांना हे चालायच्या आधी कळतं. तरीसुद्धा एकदा, ईस्टरच्या तोंडावर, लाट गेल्यावर नऊ वर्षांची थेल्मा खालच्या पायरीवर राहिलेले नवे बूट आणायला उतरली आणि चिखलात घसरली. बारा वर्षांच्या मेव्हिसने पालथं पडून, एक पाय वाळुंजाच्या झाडाच्या मुळात अडकवून, तिची वेणी पकडून तिला वर ओढलं.

क्लाइव्हने तरुणपणी नोकरी सोडायची घाई केली तेव्हा ही गोष्ट निघाली. सुनेने घर बदलायचं मनात घेतलं तेव्हा निघाली. वेणीपाशी आलं की मेव्हिस मूठ आवळून दाखवायची. घरात तिच्यापुढे कुणी ब्र काढत नसे, आणि त्यातला निम्मा धाक त्या मुठीचा होता.

गोष्टीत खोट एवढीच, की बूट मेव्हिसचे होते आणि घसरलीही मेव्हिसच होती.

“तुला लाकडांचा वास आठवतो का गं?” थेल्माने विचारलं. ती नदीकडे बघत होती. नदी अजून समुद्राच्या दिशेने निवांत वाहत होती, चहासारखी तपकिरी. “गोदीत बाबा फळ्या उतरवायचे. त्यांचा कोट दाराच्या खुंटीला असायचा. मी आत डोकं घालून उभी राहायचे.”

“आणि राळेचे डाग केसांना लावून यायचीस. आई लोणी चोळून काढायची.”

“आईची ती ईल माशांची पिल्लं! बादलीत वळवळायची. काचेचे दोरेच जसे.”

“बेकनच्या चरबीत पडली की पांढरी फटक. वर दोन अंडी फोडायची.” मेव्हिसचा आवाज आपोआप सैल झाला. “आता कुठली मिळतात. तिकडे मासे तरी मिळतात का?”

“मिळतात ना. पाकिटात.” थेल्मा हसली. “मी गव्हाच्या मुलखात राहिले, मेव्ह. तिथेही एक नदी होती. नकाशात छान निळी रेघ. लग्न होऊन गेले त्या वर्षी मुद्दाम बघायला गेले, तर तिच्यातून मेंढ्या चालल्या होत्या.”

मेव्हिसला हसू आलं. मग तिला वाटलं, पंचावन्न वर्षं ही बाई अशा कोरड्या जागी राहिली, आणि मी इथे नदीपाशी. ती उठली आणि थर्मासमधून बहिणीला चहा ओतून दिला. साखर दोन चमचे, न विचारता.

तेवढ्यात वळणावरून आवाज आला, लांबून रेल्वे यावी तसा. काठावरचे लोक उठले. लाटेवर स्वार व्हायला पाण्यात फळ्यांवर पालथे पडलेले सहा-सात जण वल्हवल्यासारखे हात मारू लागले.

“फ्लड-ओ!” मेव्हिस ओरडली. लाट दिसली की होडीवाले ओरडायचे तसं, बाबा ओरडायचे तसं. शेजारचं एक कुत्रं दचकून मालकाच्या पायात शिरलं.

लाट आली. या काठापासून त्या काठापर्यंत एकच तपकिरी वळी, दोन्ही टोकांना फेस, पलीकडच्या फांद्या कडाकड मोडत. फळीवरचे तिघे पडले, एक जण उभा राहिला आणि राजासारखा समोरून निघून गेला. टॅम्सिन उड्या मारत होती. थेल्माने चहाचा कप छातीशी धरला होता, आणि तिचे ओठ लहान मुलीसारखे उघडे राहिले होते.

मग लाट गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कॅमेरे पिशव्यांत घातले.

“अहो!” मेव्हिस गरजली. एक उंच माणूस खालच्या सखल रस्त्यावर लावलेल्या गाडीला टेकून मजेत सिगारेट पेटवत होता. “गाडी वर घ्या!”

“लाट तर गेली की, आजी.”

“लाट गेली. नदी यायचीय. दहा मिनिटांत तुमच्या गाडीत मासे बसतील, मग त्यांनाच घेऊन जा घरी.”

तो हसत उभाच राहिला, म्हणून मेव्हिसला स्वतः खाली जावं लागलं. तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. त्याच्या चाकांपाशी पाणी कसं जीभ काढतंय ते बोटाने दाखवलं, आणि तो गाडीत बसून निघेपर्यंत हलली नाही. समाधानाने वळून वर पाहिलं, तर टॅम्सिन मधल्या रेनकोटवर मांडी घालून बसली होती आणि तिचं तोंड थेल्माकडे होतं.

मेव्हिस चढण चढू लागली. गुडघ्याने खरोखरच कुरकुर केली. ओरडावं, पोरीला काहीतरी आणायला पिटाळावं, असं मनात आलं, पण दम पुरेना. जवळ पोचली तेव्हा टॅम्सिन विचारत होती,

“इथेच ना, थेल्मा आजी? इथेच ना तू पडली होतीस?”

मेव्हिस खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. साठाहून जास्त वर्षं तिने ती गोष्ट सांगितली होती. आता थेल्मा एक शब्द बोलली की क्लाइव्हसमोर, सुनेसमोर, या शेंबड्या पोरीसमोर ती कोण उरणार होती? खोटारडी म्हातारी. आणि बोलायचा हक्क थेल्माचाच होता.

थेल्माने कप खाली ठेवला.

“इथे नाही, जरा तिकडे. त्या फांदीच्या खाली. नवे बूट होते ना, म्हणून गेले. तुझी आजी वरून ओरडत होती, थेल्मा, पाणी चढतंय. मी कुठली ऐकतेय!”

“मग?”

“मग पाय गेला. कमरेपर्यंत चिखल, वर पाणी. आणि हिने माझी वेणी अशी धरली!” थेल्माने स्वतःच्या पिकल्या केसांचा झुबका पकडून ओढला. “या बाजूचे केस बघ. अजून विरळ आहेत.”

टॅम्सिन भीतभीत वाकली, केसांत बघितलं आणि आनंदाने ओरडली, “खरंच विरळ आहेत! बाबा!” आणि क्लाइव्हला सांगायला धावत सुटली. क्लाइव्ह लांब वळणापाशी पाण्याचे फोटो काढत होता.

मेव्हिस खुर्चीत बसली. नदी आता सरळ उलटी वाहत होती. ओंडके, फेस, कुणाची तरी बादली, सगळं शहराच्या दिशेने चाललं होतं.

“असं का केलंस?” तिने विचारलं.

“काय केलं?”

“येड्याचं सोंग घेऊ नकोस, थेल्मा. मी घसरले होते. तू पालथी पडली होतीस. पाण्याने मला उचललं आणि तू ओढलंस. घरी गेलो तेव्हा दोघी सारख्याच चिखलात माखलेल्या. बाबांनी दारात विचारलं खाली कोण गेलं होतं, आणि मी आधी तोंड उघडलं.”

“हो. तू नेहमीच आधी उघडायचीस.”

“तुला उन्हाळाभर नदी बंद केली त्यांनी.”

“खिडकीत बसून उशीचे अभ्रे शिवले. सोळा. तू खालून हात करायचीस, तुझे पाय ओले असायचे.” थेल्मा शांतपणे म्हणाली. “त्याचा राग मला पुष्कळ वर्षं होता. पत्रं छोटी यायची माझी, आठवतं?”

“मला वाटायचं तुला वेळ नसेल.”

“वेळच वेळ होता तिकडे.” थेल्माने काठी मांडीवर आडवी घेतली. “नवीन गेले तेव्हा बायका विचारायच्या, तुझं माघारी कोण आहे? काय सांगणार? आई गेली तेव्हा मला येताही आलं नाही. एकदा सांगून टाकलं, माझी एक बहीण आहे, तिने मला नदीतून ओढून काढलंय. बायका गप्पच झाल्या. जिला अशी बहीण आहे तिला कोण काय बोलणार? मग मी सगळ्यांना तेच सांगायला लागले. माझ्या पोरांना, पोरांच्या पोरांना.”

“खोटं सांगायचीस.”

“तूच शिकवलंस.”

मेव्हिसच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्यासारखा. तिने तो खोकल्यात घालवला.

“ते काही नाही,” ती म्हणाली. “मी आज जेवताना खरं काय ते सांगून टाकणार. मला मेल्यावर वर जाऊन बाबांना तोंड दाखवायचंय.”

“अजिबात सांगायचं नाही.” थेल्माचा आवाज एकदम चढला. थोरली कोण आणि धाकटी कोण, क्षणभर कळेना. “माझ्या धाकट्या नातवाने शाळेत निबंध लिहिलाय तुझ्यावर. चित्र काढलंय. त्यात तुझे हात झाडाएवढे आहेत. मी त्याला आता काय सांगू, की तुझी आजी एकटीच होती म्हणून? ती गोष्ट आता तुझी नाही, मेव्ह. तिकडे मी तिच्यावर दिवस काढलेत. तिला हात लावायचा नाही.”

मेव्हिसने डबा उघडला आणि अंड्याचं एक सँडविच बहिणीपुढे धरलं. थेल्माने घेतलं. कडा काढून बाजूला ठेवल्या, लहानपणी ठेवायची तशाच, आणि मेव्हिसने त्या उचलून खाल्ल्या. दोघी जणी चढतं पाणी बघत बसल्या. ऊन आलं होतं. कॅथेड्रलचा मनोरा झाडांच्या वर स्पष्ट दिसत होता.

टॅम्सिन परत आली ती धापा टाकत, बूट ओले करून.

“बाबा म्हणतात, खालची पायरी बुडाली. आजी, एक राहिलंच विचारायचं. ओढताना तुला भीती नाही वाटली? हात सुटला असता तर?”

मेव्हिसने पोरीकडे पाहिलं, मग थेल्माच्या हातांकडे. ते हात आता बारीक झाले होते, त्यांवर उन्हाचे डाग पडले होते, बोटांची पेरं सुजली होती.

“छे,” ती म्हणाली. “सुटायचा प्रश्नच नव्हता. थेल्माची पकड फार घट्ट होती.”

“तुझी पकड, आजी,” टॅम्सिनने तिला दुरुस्त केलं. “तूच तर धरलं होतंस ना!”

थेल्माने मान मागे टाकली आणि ती इतक्या मोठ्याने हसली की वळणावरून क्लाइव्हने कॅमेरा खाली करून पाहिलं. आणि मेव्हिसने, आयुष्यात पहिल्यांदाच, कुणीतरी केलेली दुरुस्ती निमूटपणे ऐकून घेतली.