खेकड्याची पूड

"गुडघे माझे आहेत, मी बघून घेईन! त्यात खेकड्याचं काय काम?"

म्हाताऱ्याने गोळ्यांची बरणी खाटेवरून अशी ढकलली की ती गडगडत दारापर्यंत गेली आणि तिथे निजलेल्या कुत्र्याच्या नाकाला टेकली. कुत्र्याने डोळे न उघडताच तिचा वास घेतला.

म्हातारीने बरणी उचलून फडक्याने पुसली. "लेक औषधांच्या दुकानात कामाला आहे. तिला तुमच्यापेक्षा चार गोष्टी जास्त कळतात. हाडांच्या मधली गादी झिजलीय तुमची. खेकड्याच्या कवचापासून करतात म्हणे या गोळ्या, त्याने गादीला बळ येतं."

"खेकडा तिरका चालतो. मीही तसाच चालायला लागलो म्हणजे?"

"आता फार सरळ चालता वाटतं?"

म्हाताऱ्याने तोंडात दोन बोटं घालून सणसणीत शिट्टी मारली. उभा जन्म त्याने मेंढ्यांमागे काढला होता. केस गेले, अर्धे दात गेले, गुडघे गेले, शिट्टी तेवढी शाबूत होती. शिट्टी ऐकून दारातला कुत्रा उठू लागला. त्याचं नाव वकील. तरुणपणी तो मेंढीसमोर उभा राहून इतका भुंकायचा की ती कंटाळून म्हणेल तिकडे जायची. आता त्याचेही मागचे पाय धरले होते. आधी पुढचा भाग उठायचा, मग विश्रांती, मग जमलं तर मागचा.

खरं भांडण गोळ्यांचं नव्हतंच. मागल्या महिन्यात वरच्या कुरणात म्हाताऱ्याचे गुडघे जे अडकले ते सुटेचनात. शेवटी मुलाने त्याला लंगड्या कोकरासारखं पाठीवर टाकून भर गावातून घरी आणलं. वाटेत शेजारीण म्हणाली, "कितीला दिलास रे?" सगळा गाव हसला. म्हाताऱ्याने त्या दिवसापासून शेजारणीचं नाव टाकलं आणि मुलाने कळप विकायचं मनात घेतलं.

"बाबा, माझी कंबर अजून सरळ झालेली नाही," मुलगा आत येत म्हणाला. "पुढच्या वेळी तुम्हाला उचलायला गेलो तर दोघांनाही आणायला तिसरा बघावा लागेल. कळप विकू या. तुम्ही आराम करा."

हा आराम म्हणजे काय, ते म्हातारीने महिनाभर पाहिलं होतं. घरी बसल्यापासून म्हाताऱ्याने तिला केर कसा काढावा ते शिकवलं होतं, भांड्यांवरची झाकणं उचलून नाक मुरडलं होतं, आणि काल तर कोंबड्यांना रांगेत उभं करायला बघत होता. पण ते सगळं तिने सोसलं असतं. मेंढ्या गेल्या तर हा माणूसही फार दिवस टिकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तिला तो हवा होता, असा आहे तसा, कटकट्या.

"मी कळप वरून खाली आणून दाखवला तर?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आपल्या आपण? कुणाच्या पाठीवर न बसता?"

"आपल्या आपण!"

"मग विकायचं नाव काढणार नाही. व्यापारी पुढच्या बाजाराला येतोय, त्याच्यासमोरच होऊन जाऊ दे."

त्या दिवसापासून म्हातारी कामाला लागली. गुपचूप खलबत्त्यात गोळ्या कुटायची, ती पूड कोमट दुधात ढवळायची आणि वाटी म्हाताऱ्याच्या हातात द्यायची. पहिल्या दिवशी त्याने वाटी नाकाशी नेली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी बाहेर उन्हात बसून पितो."

रोज तो वाटी घेऊन गोठ्यामागे जाई आणि रिकामी परत आणी. वाटी इतकी लख्ख असायची की घासायची गरज पडू नये. म्हातारी मनातून सुखावली. एकदा गोडी लागली की बाप्याला सांगावं लागत नाही, असं तिने लेकीला फोनवर कळवूनही टाकलं.

गुडघ्यांत मात्र काडीचा फरक दिसेना. म्हातारा उठला की गोठ्याच्या फाटकासारखी करकर व्हायची. म्हातारीने आणखी एक गोळी वाढवली. त्यात कुत्र्याने वेगळाच ताप लावला होता. तो कोंबड्यांमागे धावू लागला, दगडी कुंपणावरून उडी मारून शेजारणीच्या वांग्यांत शिरला, आणि पोस्टमनला त्याने सायकलीसकट पळवलं.

"या मेल्याला काय चढलंय?" म्हातारी काठी घेऊन त्याच्यामागे लागली.

"वय झालं की होतं असं," म्हातारा आभाळाकडे बघत म्हणाला.

बाजाराचा दिवस उजाडला. वारा कोरडा होता आणि रस्त्यावरची माती भुकटीसारखी उडत होती. मुलगा पहाटेच कुठेतरी जाऊन आला होता. कुठे ते त्याने सांगितलं नाही, पण वरच्या कुरणाचं फाटक अंगणातून दिसायचं, आणि ते उघडं होतं. म्हातारीने ते पाहिलं आणि ती कोंबड्यांना दाणे टाकू लागली. व्यापारी आला, कुंपणावर बसला. म्हाताऱ्याने काठी घेतली. वकील मागे निघाला तशी म्हातारी ओरडली, "तू मरायला मध्ये मध्ये कशाला? ये इकडे!" त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

अर्धी चढण म्हातारा चढला. मग वाटेत मोठा सपाट खडक लागला आणि तो त्यावर बसला.

"बसला," व्यापारी म्हणाला. "आता हा उठत नाही."

मुलगा खाली बघू लागला. म्हातारीला वाटलं, सगळी बरणीच एकदम द्यायला हवी होती.

तेवढ्यात शिट्टी आली. लांब, एकच. वकील जो सुटला तो थेट कुरणाच्या वरच्या टोकाला. दोन आखूड शिट्ट्या, तो डावीकडे वळला. विखुरलेल्या मेंढ्या गोळा होऊन फाटकातून बाहेर पडल्या आणि धूळ उडवत उताराला लागल्या. खडकापाशी कळप आला तसा म्हातारा त्यात शिरला, एका दांडग्या एडक्याच्या पाठीवर हात टेकवला आणि त्याच्या आधाराने खाली आला. धुळीत कोण लंगडतंय आणि कोण नाही, ते कुणाला कळायचं!

"आपल्या आपण आणायचा ठरला होता," मुलगा म्हणाला.

"मग? कुणाच्या पाठीवर बसलो का? शिट्टी कुणाची? कुत्रा कुणाचा?"

मुलाला हसू आवरेना. व्यापारी कुंपणावरून उतरला. "कळप राहू दे," तो म्हणाला. "कुत्रा विकता का?"

व्यापारी हात हलवत गेला तेव्हा कुठे म्हातारीचा जीव भांड्यात पडला. "माझे आभार माना," ती म्हाताऱ्याला म्हणाली. "रोज दुधातून खेकड्याची पूड घालत होते. तिनेच आज लाज राखली."

"तिनेच राखली," म्हातारा म्हणाला आणि हसता हसता खोकू लागला. "पण पूड मी कुठे प्यायलो? पहिल्याच दिवशी वास आला मला. याला विचार."

वकील जिभल्या चाटत उभा होता. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अहो, ती वाटी मी नुसती विसळत होते! त्याच वाटीत मी चहा पिते!"

"म्हणून तर तूही हल्ली फार पळतेस."

दुसऱ्या दिवशी तिने दोन वाट्या भरल्या. एक कुत्र्यापुढे ठेवली, दुसरी नवऱ्यापुढे, आणि काठी घेऊन समोरच बसली. म्हातारा नाक मुठीत धरून वाटीकडे बघत राहिला. वकिलाने आपली वाटी क्षणात संपवली, एका झटक्यात उठला आणि दुसऱ्या वाटीकडे निघाला.

"ए, माझं आहे ते!" म्हातारा ओरडला आणि वाटी उचलून एका दमात घटाघटा पिऊन टाकली.