ओट्यापुढची फळी

मी एक फळी आहे. मूळची जाडी एक इंच, रंग आता कुठला ते सांगता येणार नाही असा. माझ्यासारखीनं आपली कहाणी सांगावी का, याची मला स्वतःलाच शंका आहे. आरशानं सांगावी, खुर्चीनं सांगावी. त्यांनी निदान माणसांचे चेहरे पाहिलेले असतात. मी पाहिले ते बहुतेक डब्यांचे तळ आणि माणसांचे पाय. पण सध्या मी जिथे आहे तिथे इतकी सुखात आहे, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

झाड होते तेव्हाचं काही आठवत नाही. आठवण सुरू होते ती करवतीपासून. एका सुतारानं मला रंधा मारला, तळहात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "चांगली निघाली." तेवढं एक कौतुक मी पुढे कितीतरी वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

त्यानं मला या घराच्या स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या कपाटात बसवलं. खालून दुसरा खण. अंगावर डबे आले. साखरेचा, मिठाचा, चहाचा, आणि एक असा की ज्यात काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण टाकूनही देववत नव्हता. माणसांची एक गंमत मी तिथे शिकले. ती डब्यावर नाव एक लिहितात आणि आत भलतंच भरतात. 'बिस्किटं' असं ठळक लिहिलेल्या डब्यात पंचवीस वर्षं सुतळी होती.

ओटा सासूबाईंच्या उंचीचा होता. त्या उंच. सगळ्यात वरचा डबासुद्धा टाच न उचलता काढणाऱ्या. मग घरात सून आली. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात, मीही तेच म्हणते. धाकटी चणीनं लहान. ओटा तिच्या कोपराच्याही वर यायचा. चिरताना तिचे खांदे कानांना भिडायला जायचे. संध्याकाळी ती कपाटाच्या दाराला उजवा खांदा दाबून घटकाभर उभी राहायची; दाराआडून मला तो दाब कळायचा. पुढे चिंगी झाली, तेव्हा ती एका कडेवर आणि दुसऱ्या हातात पळी, असा तिचा स्वयंपाक चालायचा.

ओटा उंच आहे असं धाकटी कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, "मला नीट उभंच राहता येत नसेल. माझंच काहीतरी चुकत असेल."

मग भिंतीतला नळ आतल्या आत गळायला लागला. भिंतीला ओल आली, कपाटाची पाठ कुजली, आणि स्वयंपाकघर पाडून नवं करायचं ठरलं. त्या संध्याकाळी सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ओटा आता हिच्या मापाचा करायचा. माझे ओट्यापुढचे दिवस राहिलेत किती? आणि मी मध्ये बोलणार नाही. एक शब्दसुद्धा."

"एक शब्दसुद्धा?" त्यांचा मुलगा म्हणाला. "आई, हे कागदावर लिहून देतेस का?"

"तू गप रे."

"बघ, झाली सुरुवात."

त्या रात्रीची भांडी धाकटीनं विसळली ती गुणगुणत. तिच्या मापाचं असं या घरात पहिल्यांदाच काहीतरी होणार होतं.

दुसऱ्या आठवड्यात हातोडे आले. माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि ते बरोबरच होतं. कुजक्या कपाटातली फळी कोण विचारतो? मला उपसून जिन्याखालच्या ढिगाऱ्यावर टाकलं. अंगावर चुन्याचे पोपडे, शेजारी फुटकं बेसिन. संपलं, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात गवंडी आला, त्यानं माझ्यावर पाय दिला आणि दोनदा जोर देऊन पाहिलं. "ही वाकत नाही," असं म्हणत मला खांद्यावर टाकून वर घेऊन आला. अंगावर पाय पडणं अनेकांना अपमानाचं वाटतं. मला त्या दिवशी तो पाय आशीर्वादासारखा लागला. ओल्या लादीवर पावलं उमटू नयेत म्हणून त्याला ये-जा करायला पूल हवा होता. तो पूल मी झाले.

घराची पार त्रेधा उडाली होती. शेगडी झोपायच्या खोलीत टेबलावर, भांडी न्हाणीघरात, फ्रीज बैठकीत सोफ्याला खेटून. चहात धूळ, दुधात धूळ, उशीवर धूळ. साडेतीन वर्षांच्या चिंगीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "आपलं स्वयंपाकघर कुठे गेलं?"

"कामाला गेलंय," तिचा बाबा म्हणाला. "येईल."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी दाराला लावलेला प्लास्टिकचा पडदा उचलून मलाच विचारायची, "आलं का?"

जुनी लादी फोडताना एक कपची सासूबाईंच्या टाचेत घुसली. मग त्यांनी फर्मान काढलं: काम संपेपर्यंत घरात कुणी अनवाणी फिरायचं नाही. धाकटीला त्यांनी स्वतः जाऊन जाड तळाच्या चपला आणून दिल्या. "घाल. पायात काही गेलं तर लेकराला कोण उचलणार?"

आणि इथेच ते झालं.

गवंडी म्हणाला, "ताई, ओट्याचं माप घेऊ. सरळ उभ्या राहा, हात कोपरात दुमडा." कोपराच्या चार बोटं खाली त्यानं भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली.

"परत एकदा घ्या ना," धाकटी म्हणाली. "मी आखडून उभी होते बहुतेक."

त्यानं परत घेतलं.

"आणि एकदाच. शेवटचं. मी श्वास रोखला होता का?"

"ताई, श्वासानं कोपर हलत नाही," गवंडी म्हणाला, पण त्यानं तिसऱ्यांदाही घेतलं. तिन्ही वेळा रेघेवर रेघ. धाकटीचा चेहरा सैलावला असावा. मला दिसले ते फक्त पाय. मी तिच्या पावलांशेजारीच पडले होते आणि डोळ्यांसमोर, म्हणजे मला डोळे असते तर, त्या चपला होत्या. दोन इंच जाड तळ. तिन्ही वेळा.

फळीला तोंड नसतं याचं मला तोवर कधी वाईट वाटलं नव्हतं.

दाराशी स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. धूळ फार होती, म्हणून असेल असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी पडदा निघाला. काळाभोर गुळगुळीत ओटा, खिडकीतून ऊन, नळ उघडला की पाणी गुपचूप वाहणारं. चिंगी ओरडत सुटली, "आलं, आलं!" मला धुऊन मागच्या गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलं होतं, तिथून सगळं दिसत होतं. धाकटीनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, स्वच्छ लादीवर पाऊल टाकलं, सुरी घेतली, काकडीचा पहिला काप केला. आणि तिचा उजवा खांदा हळूच वर गेला.

तिनं खाली पाहिलं. स्वतःच्या पायांकडे. मग वळून उंबऱ्याबाहेरच्या चपलांकडे.

"कसा झालाय?" सासूबाईंनी विचारलं.

"छान," धाकटी म्हणाली. "अगदी बरोबर."

ओट्याचा दगड बसला होता, त्याच्या कडेपर्यंत भिंतीच्या लाद्या चढल्या होत्या. खाली घ्यायचा तर सगळं पुन्हा फोडा. महिनाभर सगळ्यांनी धूळ खाल्ली ती हिच्या मापासाठी. आता कुठल्या तोंडानं सांगणार? दुसऱ्या सकाळी सगळे उठायच्या आत ती गॅलरीत आली, मला उचलून ओट्यापुढे टाकलं आणि वर उभी राहिली. मी एक इंच, तिला हवे होते दोन. पण अर्ध्यानंही तिचे खांदे किती उतरले ते मला तळपायांतून कळलं. तशीच उभी राहून ती आपल्या आईशी फोनवर बोलली. "नाही गं, मस्त झालाय. एकदम माझ्या मापाचा." कुणाची चाहूल लागली की मी परत गॅलरीत. चार दिवस आमचं हे चोरून चाललं होतं.

पाचव्या दिवशी सासूबाई पाणी प्यायला लवकर उठल्या.

धाकटी दचकून खाली उतरली, मी एका बाजूनं उचलली जाऊन धाडकन आपटले.

"पडशील एखाद दिवशी," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"नाही, ते वरचा डबा काढत होते."

"सुरीनं?"

धाकटीच्या हातात सुरी होती, ओट्यावर अर्धा चिरलेला कांदा. तिनं सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "आई, माप चुकलं. तीनदा घेतलं आणि तिन्हीदा चुकलं. पायात चपला होत्या. माझं नेहमीचंच आहे हे."

सासूबाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "माहीत आहे मला."

"काय?"

"चपला. मी समोरच तर बसले होते. तिन्ही वेळा बघितल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"एक शब्द बोलणार नाही म्हटलं होतं ना."

"अहो आई, हा एक चालला असता की."

"कुठला चालतो आणि कुठला नाही, ते या वयातही मला कळत नाही बाई. आणि खरं सांगू? राग मानू नकोस. एकदा मनात आलं, दोन इंच उंच राहिला तर मलाही कमी वाकावं लागेल. तसं मनात आल्यावर मग तोंडच उघडेना."

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. कांदा होताच सोबतीला. "म्हणजे चार दिवस मी तुमच्यापासून लपवत होते, आणि तुम्ही..."

"तुझे चारच दिवस. माझे तीन आठवडे."

त्या दिवशी नव्या कपाटांचं काम केलेल्या सुतारकाकांना बोलावणं गेलं. ओटा फोडून परत करू या का, असं मुलानं विचारलं, तेव्हा दोघी एका सुरात "नाही" म्हणाल्या. सासूबाईंनी मला पुढे केलं. "ही फळी घ्या. पंचवीस वर्षं आमची आहे, वाकत नाही."

सुतारकाकांनी टेप काढली आणि धाकटीला उभं राहायला सांगितलं. ती म्हणाली, "माझं नको. चपलेचं घ्या." त्यांनी मान डोलावून चपलेच्या तळाचं माप घेतलं. म्हणाले, "आजवर माणसं मोजली. चपलेला पहिलाच मान." मला मधोमध कापलं, दुखलं, खोटं कशाला बोलू. पण उरलेला तुकडा फेकला नाही. तोच चिरून माझ्याखाली पट्ट्या म्हणून ठोकला. मी आता दोन इंच आहे, आणि सगळीच्या सगळी मीच आहे.

तेव्हापासून मी ओट्यापुढे असते. धाकटी माझ्यावर उभी राहते आणि तिचे खांदे जिथे असावेत तिथे असतात. हात धुवायला चिंगी माझ्यावर चढते, तरी तिला अजून नळ पुरत नाही, पुरेल. डबे अंगावर घेण्यापेक्षा हे किती हलकं आहे म्हणून सांगू. ज्या सुतारानं मला चांगली म्हटलं, ज्या गवंड्यानं पाय दिला, ज्या जाड तळाच्या चपलांनी चूक केली, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे.

मागणं फार नाही. लादी पुसाल तेव्हा माझ्याखालचीही पुसा, तिथे कायम काहीतरी सांडलेलं असतं. माप द्यायला उभ्या राहाल तेव्हा पायात काय आहे ते बघा. आणि शेजारी बसून कुणाला चूक दिसलीच, तर दिलेला शब्द मोडून बोला. तोंड असलेल्यांनी तरी.

सासूबाई स्वयंपाकाला उभ्या राहिल्या की पायानं मला बाजूला सारतात. त्यांना माझी गरज नाही. पण काम आटोपून हात पुसले, की जाता जाता अंगठ्यानं मला परत ओट्यापुढे लोटतात, अगदी धाकटी उभी राहते तिथे. बोलत काहीच नाहीत.