रंगरूट चिखलात पडतो तेव्हा

मित्रांनो, माझ्या डब्याचे झाकण उघडण्याआधी नाकाला रुमाल लावा. आंबलेला, डोक्यात जाणारा जो वास येईल, तो माझाच. मी सिनेमाची फिल्म आहे आणि आता पार म्हातारी झाले आहे. माझे वरचे वेढे एकमेकांना चिकटले आहेत. हात लावाल तर बोटाला तपकिरी चिकटा लागेल आणि तो साबणानेही लवकर निघणार नाही. मला माझीच किळस येते. पण ती नुसती वासाची नाही, म्हणून सगळे सांगते.

माझा जन्म युद्धाच्या ऐन धामधुमीत झाला. माझ्यावर उतरलेला सिनेमा विनोदी होता. सैन्यात नव्याने भरती झालेल्या धांदरट रंगरुटांची ती गंमत होती. डावा पाय म्हटले की उजवा टाकणारे, बंदूक उलटी धरणारे, टोपी डोळ्यांवर आल्यामुळे भिंतीलाच सलाम ठोकणारे असे ते रंगरूट. त्यांतले जाडा आणि काडी हे दोघे नावाजलेले नट होते. बाकीचे मात्र खरेखुरे रंगरूट होते. दिग्दर्शकाने त्यांना शेजारच्या छावणीतून एका दिवसापुरते मागून आणले होते.

त्या रंगरुटांत एक पाववाला होता. भट्टीसमोर उभे राहून पाव भाजण्यात त्याची उमर गेली होती. त्याचे तळपाय सपाट होते, त्यामुळे कवायतीत तो सगळ्यांच्या मागे राही. दिग्दर्शकाने त्याला बरोबर हेरले.

"ह्याला पाडा," तो म्हणाला.

मैदानात खड्डा खणला. चिखल करायला पाणी पुरेना, म्हणून छावणीतल्या मोरीचे खरकटे पाणी आणून त्यात ओतले. पाववाला धावत आला, घसरला आणि तोंडावर पडला. दिग्दर्शकाला ते पसंत पडले नाही. पाववाल्याला धुऊन काढून पुन्हा पाडले. मग आणखी एकदा. शेवटी त्याला ओकारी आली.

"साहेब, फार घाण आहे हो ह्यात."

"अरे, लढाईवर काय गुलाबपाणी शिंपडणार आहेत तुझ्यावर? पड, ऊठ आणि मस्तपैकी हस. एवढंच तर काम आहे!"

भोवतालचे सगळे खो-खो हसले. पाववाला पुन्हा पडला, उठला आणि तोंड पुसून सांगितल्याप्रमाणे हसला. तेवढे माझ्यावर कायमचे उमटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची तुकडी आघाडीवर गेली. तो परत आला नाही.

मी मात्र गावोगाव फिरले. लोकांनी मला डोक्यावर घेतले. पाववाला चिखलातून उठून हसला की शिट्ट्या वाजत आणि "वन्स मोअर!" असा गलका होई. मग ऑपरेटर यंत्र थांबवी, रीळ मागे फिरवी आणि बिचाऱ्याला पुन्हा खड्ड्यात टाकी. दाराबाहेर सैन्यभरतीवाल्यांचे टेबल मांडलेले असे. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तरुण सरळ त्या टेबलाशी जात आणि सही करून मोकळे होत. मोरीच्या पाण्याचा वास पडद्यावर येत नाही ना! माझ्या नावलौकिकाचा मला तेव्हापासून वीट आला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. फिल्मच्या दोन्ही कडांना बारीक भोके असतात. यंत्राचे दात त्या भोकांत अडकतात आणि फिल्मला पुढे ओढतात. एकच जागा सारखी मागेपुढे ओढली की तिथली भोके फाटतात. मग फाटलेला तुकडा कापून टाकायचा आणि दोन टोके एकमेकांना चिकटवायची. त्यासाठी टोकावरचा चित्राचा थर ओला करून खरवडावा लागतो. ऑपरेटरच्या केबिनमध्ये पाण्याची वाटी ठेवलेली असे, पण तिच्यापर्यंत हात लांबवण्याचे कष्ट कोण घेणार? तोंडातली तंबाखू कोपऱ्यात थुंकायची आणि तीच जीभ माझ्यावर फिरवायची! शी! किती जणांच्या जिभा मी सोसल्या असतील! कापलेला तुकडा तिथेच जमिनीवर पडे आणि बुटांखाली चिरडला जाई.

असे करता करता पाववाल्याचे हसू झिजत गेले. ज्यासाठी लोक गळा फाडून ओरडत होते, तेच ते संपवत होते. कुणाच्या लक्षातही आले नाही.

युद्ध संपले. लोकांना वर्दी डोळ्यांसमोर नकोशी झाली. मला डब्यांत कोंबून एका गोदामातून दुसऱ्या गोदामात ढकलले गेले. वरून पाणी गळे, खालून घुशी फिरत. शेवटी एका थिएटरच्या केबिनमध्ये येऊन पडले. पुढे ते थिएटरही बंद पडले. मालकाने इमारत विकली आणि डबे भंगारवाल्याला देऊन टाकायचे ठरवले. म्हातारा ऑपरेटर त्या दिवशी डबे जिन्याशी आणून रचत होता. तेवढ्यात एक बाई धापा टाकत लोखंडी जिना चढून वर आली. केस पिकलेले, गळ्यात मोजमापाची टेप. ती शिवणकाम करणारी होती.

"भाऊ, रंगरुटांचा तो विनोदी सिनेमा तुमच्याकडे आहे म्हणतात. खरं का?"

"आहे, ताई. पण पार सडलाय. वास सोसायचा नाही तुम्हाला."

"जन्मभर लोकांचे घामट कोट उसवलेत मी. वासाचं कौतुक मला नका सांगू." ती स्टुलावर बसली. "त्यात माझे वडील आहेत. मी आईच्या पोटात असतानाच ते गेले. घरात त्यांचा एक फोटो नाही. आई सांगायची, चिखलातून उठून जो हसतो ना, तो तुझा बाप. भाऊ, मला ते तोंड एकदा बघायचंय."

ऑपरेटरने हातातला डबा खाली ठेवला. मग त्याने हात साबणाने स्वच्छ धुतले. मित्रांनो, मला हात लावण्यापूर्वी हात धुणारा हा पहिलाच माणूस!

"यंत्रावर चढवली तर तुकडे होतील," तो म्हणाला. "खिडकीशी धरून बघू."

त्याने मला कडांनी धरले आणि वेढे अलगद सोडवत उजेडापुढे सरकवायला सुरुवात केली. चिकटलेले वेढे चरचरत सुटत होते. भिंगातून तो एकेक चौकट बघत होता. पाववाला धावतो, घसरतो, चिखलात जातो. पुढे जोड. त्याच्यापुढे आणखी जोड. आणि मग एकदम पुढच्या प्रसंगातला कवायत मास्तर ओरडताना.

"काय झालं?" बाईने विचारले.

"ताई, कसं सांगू? हसू सगळं कापलं गेलंय. लोकांनीच खाल्लं ते."

बाईचा चेहरा उतरला. मला धरणीने पोटात घ्यावे असे झाले.

"थांबा, थांबा," ऑपरेटर म्हणाला. "दोन जोडांच्या मध्ये काहीतरी उरलंय."

मोजक्याच चौकटी होत्या. पडद्यावर त्या डोळ्याचे पाते लवेपर्यंत संपल्या असत्या. बाईने भिंगाला डोळा लावला. पाववाला अर्धवट उठलेला होता. हसण्यापर्यंत अजून पोचला नव्हता. नाक वर ओढलेले, एक डोळा मिटलेला, ओठ वाकडे, आता थुंकेल की मग थुंकेल असे तोंड. त्यावर किळस, निव्वळ किळस होती.

"हे हसत कुठे आहेत?"

"नाही हो, ताई. तेवढंच राहिलंय."

ती पुन्हा वाकली. बराच वेळ तशीच होती. मग म्हणाली, "अहो भाऊ, हे तर माझं तोंड आहे!"

"म्हणजे?"

"लहानपणी औषध पाजताना आई ओरडायची, हे असलं तोंड कुणाचं उचललंस, आमच्या घरात तर नाही कुणाचं! तिला कसं कळणार? तिच्यासमोर बिचारे नेहमी गोडच वागले असतील." ती हसायला लागली आणि हसता हसताच तिने पदराने डोळे पुसले.

"चिकटा इथपर्यंत आलाच आहे, ताई. हे फार टिकायचं नाही. एवढ्या चौकटी कापून देतो. फोटोवाला कागदावर छापून देईल."

"पण मग तुमचा सिनेमा बिघडेल ना?"

"तो कधीच बिघडलाय."

जन्मभर मी कात्रीचा तिरस्कार केला. त्या क्षणी मात्र, हा म्हातारा उशीर का करतोय, असे मला झाले. त्याने सफाईने कापले. बाईने तो तुकडा धुतलेल्या कापडात गुंडाळला आणि कठडा धरून जपून जिना उतरली. आता माझ्यातला पाववाला चिखलात पडतो आणि उठत नाही. त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. तो उठून आपल्या लेकीच्या घरी गेला आहे.

मित्रांनो, भंगारवाला येईल आणि मला घेऊन जाईल. त्याआधी एवढेच मागते. जुन्या वस्तूला हात लावण्यापूर्वी हात धुवा. आवडलेली गोष्ट ओरबाडून संपवू नका. आणि कुणी चिखलात पडलेला पाहून "पुन्हा एकदा!" असे ओरडावेसे वाटले, तर आधी त्याच्या तोंडाकडे नीट बघा. तो हसत असला तरी बघा. त्याला हसायला सांगितलेले असेल.