भविष्यकाळातलं उत्तर

१९४६ च्या उन्हाळ्यात लिडिया नगरच्या एका मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकत होती. परीक्षा इंग्रजीत, आणि तिचे काळ हमखास चुकायचे. 'गो'चं 'वेन्ट' कसं काय होतं, म्हणून ती एकदा वैतागली, तेव्हा अमेरिकन डॉक्टर मॅडमनी विचारलं, की तुमच्या 'जा'चं 'गेला' कसं होतं? जन्मापासून बोलत आलेल्या भाषेकडे लिडियानं असं कधी पाहिलंच नव्हतं.

भविष्यकाळात इंग्रजी क्रियापद बदलत नाही, नुसतं आधी 'विल' येतं, हे कळल्यावर तिला हायसं वाटलं. पण 'विल' म्हणजे इच्छासुद्धा, असं मॅडम म्हणाल्या. तिचे वडील अब्राहाम पुणतांब्याला शेती करत. उद्याचं काहीही बोलायचं झालं की ते 'देवानं ठेवलं तर' म्हणत. आणि ही इंग्रजी बोलणारी माणसं उद्याचं बोलताना आधी इच्छा मांडतात, याचं तिला कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

परीक्षा जवळ आली तशी मॅडमनी वॉर्डात मराठीला बंदी केली.

एका दुपारी भिमाजी नावाचा शेतकरी बायकोला बैलगाडीत घालून घेऊन आला. रंगुबाई कालपासून अडली होती. मूल जन्मलं ते निळं, लुळं. तशात रंगुबाईचं रक्त थांबेना. मॅडमचे दोन्ही हात तिच्यात गुंतले आणि मूल लिडियाकडे आलं.

तिनं घशातला चिकटा काढला, पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून हलकी फुंकर घातली. छाती उचलली गेली आणि पुन्हा निपचित झाली.

"इज ही ब्रीदिंग?" मॅडमनी मान न वळवता विचारलं.

भूतकाळ तिला आता पक्का येत होता. 'डाय'चं 'डाइड'. तो शब्द ओठांपर्यंत आला, पण पुढं सरकेना.

"ही विल ब्रीद," ती म्हणाली.

मग मॅडमनी स्वतःच नियम मोडला.

"थांबू नको, लिडिया."

ती फुंकत राहिली. किती वेळ, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. मग बाळाचं पोट आपणहून थरथरलं. ओठांवर गुलाबी छटा आली, छातीवर पसरली, पार बोटांपर्यंत उतरली, आणि पोरानं टाहो फोडला. रंगुबाईनं मान उचलली. तिचं रक्तही एव्हाना थांबलं होतं.

भिमाजी बाहेर पायरीवर बसला होता. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आलेल्या लिडियाला पाहून तो उठला.

"काय हाय बाई? आन ती?"

रंगुबाई बरी आहे, असं तिनं सांगितलं. मग दुपट्याची कड बाजूला केली. भिमाजीनं एक बोट पुढं केलं, पण लावायचा धीर त्याला झाला नाही. पोराचं पोट खालीवर होत होतं. ती दोघं नुसती बघत उभी राहिली.