सव्वा तासाचं बेळगाव

बेळगाव जवळ आलं ते झिपरूच्या फोनमुळे. झिपरू लोटनआबांचा शेजारी; कामाला आळशी, पण माणूस जीव लावणारा. ओट्यावर बसून त्याने सुरत ते बेळगाव विमान शोधलं आणि जाहीर केलं, सव्वा तास. अंतर सहाशे किलोमीटरच्या वर होतं, पण आकाशातले किलोमीटर मोजतो कोण? आबांना नंदुरबारचा बाजार करून यायला याहून जास्त वेळ लागायचा.

आबांचा एकुलता एक मुलगा हेमकांत बेळगावला कारखान्यात होता. आई गेल्यापासून तीन वर्षं तो कानबाईला, श्रावणातल्या रविवारी बसणाऱ्या देवीच्या सणाला, घरी आला नव्हता. कारण ठरलेलं, गाड्या बदलत येण्याजाण्यातच सुट्टी संपते. आबांना ते पटायचं. गावात कोणी विचारायच्या आत तेच सांगून मोकळे व्हायचे.

त्यांनी लगेच फोन लावून पोराला विमानाचं सांगितलं. शनिवारी निघ, सुरतेहून गाडीने नंदुरबार, पुढे मी घ्यायला येतो. हेमकांत म्हणाला, बघतो. आता ‘बघतो’ म्हणजे काय हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण आबांनी त्याचा अर्थ ‘येतो’ असाच घेतला.

कानबाईच्या रोटांचे, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजून घेतात. आबांनी देवीचं नाव घेऊन तीन नावांचे घेतले, स्वतःचे, हेमकांतचे आणि नातवाचे. एकदा नावाने काढलेले गहू परत कोठीत टाकायचे नाहीत आणि त्यांचे रोट कुळाबाहेर कोणाला द्यायचे नाहीत, अशी त्यांच्या घरची रीत. जातं बायको असताना जसं फिरायचं, तसं काही ते आबांच्या हाताला ऐकेना. तरी त्यांनी दळलं, आणि मग कुठल्या गाडीने येतोस म्हणून फोनवर पोराला विचारलं.



“आबा, खरं सांगू का?” हेमकांत म्हणाला. “लांब अंतरनं मी निमित्तच करत ऱ्हायनू. माय गयी तवपाईन त्या घरमा मन्हं मन लागत नही.”

आबांना राग यायला हवा होता. आला नाही. ज्या घरात आपण रोज सकाळी एकटे उठतो, तिथे पोराला एक रविवारही काढवत नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. जेवना का तू, असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

रविवारी त्यांनी रोट केले. आपल्या वाटणीचे खाल्ले. मग पोराच्या वाटणीचा एक दुधात कुस्करून घेतला. नातवाच्या वाटणीचे मात्र घशाखाली उतरेनात.

सोमवारी तापीवर कानबाईला निरोप द्यायला सगळं गाव लोटलं. नाचून घामाघूम झालेला झिपरू आबांना शोधत आला. हेमकांत कुठे दिसत नाही, सव्वा तासाचं तर काम होतं, असं म्हणाला.

पावसामुळे विमान बंद आहे, आबांनी सांगितलं.

असं कसं, म्हणत झिपरूने खिशातून फोन काढला आणि बघायला लागला. आबांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

“ऱ्हाऊ दे भो,” ते म्हणाले. “बेळगाव बहू लांब शे.”