चौथा खुंटा

त्या घरात येणाऱ्याला आधी खुंट्याची ठेच लागायची, मग पाण्याचा लोटा मिळायचा. देवराव वारल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या भंतेजींनाही ती चुकली नाही. अंगठा चोळत ते बसून राहिले आणि वंदना सुरू व्हायला जरा उशीर झाला.

घर म्हणजे मूळचा ढोरांचा कोठा. देवराव आणि खुशाल या भावांची वाटणी झाली तेव्हा "माही एकच पोर, ते बी नोकरीवाली," असं म्हणत देवरावांनी मोठं घर धाकट्या भावाला सोडलं. कोठ्याचं गावातल्या जाणत्यांनी ठरवून दिलं होतं. खुंटे उपटले की ते घर देवरावांचं, खुंटा राहिला तर कोठा दोघांचा. देवरावांनी बांबूचे ताटवे उभारले, त्यांच्या बायकोनं, अंजनाबाईंनी, ते शेणामातीनं लिंपले. गव्हाणीच्या वर खिडकी पाडली. तीन खुंटे निघाले. चौथा तिवसाच्या लाकडाचा होता आणि खोलवर बसलेला. कुऱ्हाड त्याच्यावरून उडून परत यायची. खणून खणून देवराव थकले आणि म्हणाले, "राहू दे, मंग पाहू."

ते ‘मंग’ काही आलं नाही. खुंट्याला मच्छरदाणीची एक दोरी बांधली गेली. पुढे देवरावांच्या पायांतलं बळ गेलं तेव्हा खाट त्याच्याजवळ सरकवली. सकाळी खुंट्याच्या डोक्यावर तळवा रोवून ते उठायचे. पूर्वी दाव्यांनी घासलेलं ते लाकूड त्यांच्या हातानं आणखी गुळगुळीत झालं.

त्यांची मुलगी सत्यशीला गडचिरोलीला नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून होती. वडील आजारी पडल्यापासून दर शनिवारी ती यष्टीनं गावी येई, आईचं पाणी भरून, भांडी घासून परत जाई. वाचायला घेतलेलं पुस्तक महिनोन् महिने पिशवीतच राही. आता वडील नव्हते, पण थकवा तसाच होता. रडू यायच्या ऐवजी झोप यायची, आणि त्याची तिला लाज वाटायची.

पाहुणे गेले आणि खुशालकाका दारात आले. ठेच चुकवून आत येणारे तेवढे एकटेच.

"वयनी, बोलू नाई तं काय करू? परवा बिबट्यानं आंगनातलं वासरू नेलं. नवा गोऱ्हा उघड्यावर बांधू कुठी?"

"मंग?" अंजनाबाई म्हणाल्या.

"भाऊ होता तवा मी बोललो का? खुंटा हाये अजून. कोठा दोघाईचा हाये. तुमी सत्याजवळ जा गडचिरोलीले. पोरगी एकटी, तुमी एकट्या. नळाचं पानी हाये तिथी."

"अन् तुमच्या गोऱ्ह्याले खिडकी पायजे का? मस्त हवा येते."

काका हसले, पण हटले नाहीत. "उद्या सांजच्याले आनतो त्याले."

ते गेल्यावर सत्यशीलानं पाहुण्यांचे पेले गोळा केले. खरं तर तिला हायसं वाटलं होतं. आई सोबत आली की शनिवारची यष्टी टळेल. तिची खोली लहान होती, पण दोन खाटा मावल्या असत्या.

"माय, चालतेस का मग?"

"नाई."

"काऊन?"

"इथी त्याईनं हात लावलेलं हाये सगळं." अंजनाबाईंनी एवढंच सांगितलं आणि कांदा चिरायला घेतला.

सकाळी सत्यशीलानं शेजारून लोखंडी सब्बल आणली. आईला इथंच राहायचं असेल तर खुंटा काढायलाच हवा, एवढं सरळ होतं. तिनं भोवतीची माती उकरली, सब्बल आत खुपसली आणि अंगचा भार टाकला. लाकूड हललं नाही. तिनं पुन्हा जोर लावला. घाम डोळ्यांत उतरला. श्वास घ्यायला ती थांबली आणि उठताना नकळत तिचा तळवा खुंट्यावर टेकला. तिथं हाताला बसेल असा एक खळगा होता. बाबांचा हात तिच्यापेक्षा मोठा होता, म्हणून तिचा त्यात सैलच बसला.

ती तशीच उभी राहिली.

"थकली?" दारातून आई म्हणाली. तिच्या डोक्यावर मातीचं टोपलं होतं. "ठेव ते सब्बल. चार टोपले माती आन बोडीच्या काठावरून. चिकन मातीच आन. धानाचं तनस बी लागन."

"कशाले?"

"आन तं पहिले."

सत्यशीलानं माती वाहिली. पाठ मोडून आली, तरी ती खेपा घालत राहिली. अंजनाबाईंनी पदर खोचून तणस घालून माती तुडवली. खुंट्याभोवती गोळ्यावर गोळा बसवत गेल्या. दुपारपर्यंत खोलीच्या मधोमध बसण्याएवढा ओटा उठला. खुंट्याचं डोकं तेवढं, तळहात टेकण्यापुरतं, वर राहिलं. मग त्यांनी ओल्या ओट्यावरून शेणाचा हात फिरवला, आणि त्या डोक्याभोवती बोटानं माती नीट दाबली.

सांजच्याला खुशालकाका गोऱ्ह्याचा कासरा धरून आले. उंबऱ्यात थबकले. गोऱ्ह्यानं आत मान घालून खोली हुंगली.

"वयनी, हे काय होय?"

"ओटा."

"अन् खुंटा?"

"हाये ना तिथीच. मी कुठी उपटला? बांधा बैल."

काकांनी आत येऊन, वाकून कासऱ्याचा फास त्या डोक्यावर टाकला. गोऱ्ह्यानं मान झटकली आणि फास सुटून ओल्या ओट्यावर पडला. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा सुटला. सत्यशीला भिंतीला टेकून बघत होती. हसावं की काय ते तिला कळेना.

"तीन माह्या भावानं उपटले," काका अखेर म्हणाले, "अन् चौथा तुमी पुरून टाकला."

"त्याईले तो उपटता आला नाई. मले तं उपटवतच नाई."

काकांनी त्या डोक्यावरून तळवा फिरवला. तिथं, अगदी त्याच जागी, भाऊ हात टेकून उठायचा. त्यांनी कासरा गोळा केला.

"आज आमच्या ओसरीत बांधतो. उघड्या बाजूले एक ताटवा लावून देईन उद्या. सत्या, तू जाऊन राह्यली का सकाळी?"

"हो काका."

"ओला हाये तो ओटा. मायले बसू देऊ नको आज."

पण अंजनाबाई आधीच कडेला टेकल्या होत्या. गोऱ्ह्याच्या खुरांचा आवाज अंगणापलीकडे गेल्यावर त्या खुंट्यावर तळवा ठेवून उठल्या आणि चहाचं आधण ठेवायला चुलीकडे गेल्या. ओल्या शेणात त्यांच्या बसण्याची खूण उमटली होती.

सत्यशीलाच्या हातावरची माती वाळून तडकत होती. पिशवी भरायची होती. शनिवारची यष्टी काही टळली नव्हती.

"माय," ती म्हणाली, "शनिवारी येताना काय आनू?"

"चहापत्ती," आई म्हणाली. "अन् आता खाली न पाहता आत येत जा. ठेच लागायची सवय जाईन तुही."